उशीर तीनदा झाला

टेबलाखाली उकिडवी बसून मी एक वायर दाबून धरली होती. जोड सैल होता. हात सुटला की प्रयोग बंद. आणि वर, पाहुण्यांसमोर, माझाच प्रयोग समजावून सांगत होता माझ्या वर्गातला एक मुलगा.

"तू खाली बस," माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "पाहुण्यांशी बोलायला जरा नीट माणूस लागतो. तुमच्याकडे हाताने कामं करायची सवय असतेच."

'तुमच्याकडे' म्हणजे काय, ते मला पक्कं कळत होतं. माझा बाप चांदीपला दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. मी एम.ई.ला राखीव जागेवर आले, हे सरांनी पहिल्याच दिवशी भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

संशोधन माझं होतं. दोन वर्षांचं. एकाच संगणकात दोन व्हर्च्युअल संगणक चालवायचे. एकावर ऑफिसची कामं, दुसऱ्यावर रिअल-टाइम यंत्रणा, म्हणजे ठरल्या क्षणी मशीन थांबवणारी. थांबायचा हुकूम वेळेत पोचतो का, हे मी हजारो वेळा मोजलं. तीनदा उशीर झाला. सर म्हणाले, ते आकडे काढून टाक, सरासरी छान आहे. सरासरी! अहो, मशीनखाली सरासरी बोट जात नाही. कुणाचं तरी खरं बोट जातं.

पाहुणा सातिवलीचा कारखानदार. पत्रा कापायच्या प्रेसवर त्याला हे बसवायचं होतं. त्याने विचारलं, "कामगाराचा हात मधे आला तर दर वेळी थांबेल?"

"दर वेळी," वरून उत्तर आलं.

माझं डोकंच सणकलं. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू? सरांची सही नाही तर पदवी नाही. तरी मी वायर सोडली. बाहेर आले.

"नाही थांबणार. तीनदा उशीर झालाय. मी मोजलंय."

कारखानदार उठून गेला. सरांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "मोजणी चुकली असं लिहून दे, सोमवारपर्यंत. नाहीतर सही विसर. तुम्हाला आत घेतो, हीच आमची चूक."

घरी आई रडली. "बाय, दे ना लिवून. कागूदच तो." तिच्यावर कसली चिडू? आयुष्यभर तिला हेच करायला लावलं होतं असल्याच लोकांनी.

सोमवारी मी लिहून दिलं: मोजणी बरोबर आहे. खाली सही केली. तिथूनच विद्यापीठात गेले आणि अर्ज दिला, दुसरा मार्गदर्शक द्या. वर्ष जाईल. जाऊ दे, दोन जाऊ देत. प्रबंध मीच मांडणार, माझ्या तोंडाने, आणि ते तीन आकडे पहिल्या पानावर असतील.