पेंढ्याचं रेडकू

कृषी प्रदर्शनात क्लोन केलेलं रेडकू बघायला झुंबड उडाली होती. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, शेजारी फलक. जिच्या कानाच्या कातडीतली पेशी घेतली, त्या म्हशीचं नाव फलकावर ठळक होतं. जिच्या पोटात ते वाढलं, ती बिननावाची म्हैस कनातीमागे बांधलेली. तिची कास तटतटली होती. रेडकू ओरडलं की ती दावं ताणून रेकायची.

"सोडा की त्याला तिच्याकडं," मी म्हणाले.

पांढऱ्या कोटातला तरुण समजुतीनं हसला. "ताई, ती आई नाही त्याची. नुसती कूस वापरलीय. शास्त्र आहे हे, तुम्हाला कसं सांगू?"

मला शास्त्र नको सांगूस, बाबा. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि तीही प्राणिशास्त्राची. केंद्रक कसं काढतात, कुठं बसवतात, हे मी परीक्षेत लिहून आलेय. त्या कसबाला माझा नमस्कारच आहे. पण जिनं पोटात वागवलं तिला पोर चाटूही देऊ नये, हे कुठल्या शास्त्रात आलं?

आमच्या गोठ्यात रेडकू दगावलं, तेव्हा अण्णांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवलं होतं. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. धार काढताना अण्णा तिच्या तोंडाकडं बघत नसत. नक्कल आम्हीही केली, तिला फसवलंही. पण रेडकू मेल्यावर.

इथलं जिवंत होतं. लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते, आणि मागं ती कनातीचं कापड चाटत होती.