राखीव कौतुक

विमा कंपनीत कराचं काम बघणाऱ्या त्या गृहस्थांना सगळं ऑफिस ‘राखीवकाका’ म्हणायचं. आग, चोरी, गाडीची धडक, असल्या विम्यांची ती कंपनी. वर्षभराच्या विम्याचा हप्ता आज हातात पडला, तरी काका तो सगळाच्या सगळा उत्पन्नात धरू देत नसत.

"गिऱ्हाइकाची गाडी उद्याही ठोकली जाईल की!" ते कर अधिकाऱ्याला ठणकावत. "जेवढी मुदत उरलीय, तेवढा भाग राखून ठेवायचा. त्यावर यंदा कर नाही. पुढच्या वर्षी तो उत्पन्नात येतो, तेव्हा खुशाल घ्या."

इथवर ठीक होतं. पण मेली ही खोड काकांनी घरी नेली. जावई कसा आहे विचारलं, तर म्हणायचे, "आजपर्यंत तरी बरा आहे." सिनेमा कसा वाटला, तर घरी पोचेपर्यंत तोंडातून अक्षर नाही.

एका रविवारी काकूंनी नवीन भाजी करून वाढली आणि विचारलं, "कशी झालीय?"

काकांनी घास गिळला. "निम्मं कौतुक आत्ता करतो. उरलेलं राखीव. अजून पचायची आहे."

काकूंनी डाव खाली ठेवला. "राखून ठेवलेलं पुढच्या वर्षी उत्पन्नात येतं, असं तुम्हीच सांगता ना?"

"यायलाच पाहिजे! कायदाच आहे तसा."

"मग लग्नापासून राखलेलं माझं निम्मं कौतुक कुठल्या वर्षी आलं?"

जन्मात पहिल्यांदा काकांनी मुदतवाढ मागितली.

"देते," काकू म्हणाल्या, "पण व्याज लागेल."