सनईच्या फाइलमधून आलेलं बोलावणं

मी वेबसाइट बनवतो. भूत, करणी, भानामती... ज्याची सर्व्हरवर नोंद नाही ते घडलंच नाही, असं मी मित्रांना छाती पुढे काढून सांगायचो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या!

आम्ही कारंजा लाडचे. धाकट्या बहिणीचं, पल्लवीचं लग्न ठरलं, तर मी पत्रिकेची वेबसाइटच केली. उघडली की सनई वाजायची. ती फाइल एका बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर होती आणि परकी फाइल म्हणून बऱ्याच मोबाइलवर अडायची. मग मी आमच्याच साइटच्या नावाखाली एक पोटपत्ता, म्हणजे सबडोमेन, काढलं आणि फाइल त्यातून द्यायला लागलो. म्हणजे हॉटेलातली भाजी घरच्या पातेल्यात ओतून पंगतीला वाढायची — पाहुण्याला वाटतं, घरचीच!

घोडं पेंड खात होतं ते मामापाशी. रिसोडचा हा मामा आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. माझ्या लग्नात त्याला मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली, तेव्हापासून रुसलेला. आई स्वतः कुंकू-अक्षता घेऊन बोलवायला गेली, तर हा मागच्या दारानं वावरात पसार! आई एसटीतून उतरली ती रडतच. मामा नाही आला तर मंगलाष्टकांना पल्लवीच्या पाठीशी उभं कोण राहणार?

त्यात मी शहाण्यानं मामाला पत्रिकेची लिंक धाडली. आई भडकलीच.

"सख्ख्या भावाले मोबाइलवर बोलावनं? अक्कल गहान ठेवली का रे?"

लग्नाच्या दिवशी मंडपाच्या दारात जीप थांबली. मामा! डोक्याला नवा फेटा, मिशीला पीळ. तडक आईकडे गेला.

"अवं बाई, आलो न मी! कायले एवढी ओरडली?"

"मी? मी कवा ओरडली?"

"पत्रिकेत! लिंक दाबली तं तुया आवाज — 'ढब्ब्या, गुमान ये. पोरीच्या पाठीशी कोन उभं राहीन?'"

आईनं त्याचा हात धरला. मग दोघं गळ्यात पडून जे रडले, जे हसले... मंगलाष्टकांना मामा पल्लवीच्या पाठीशी ताठ उभा होता.

लग्न आटोपल्यावर मामाच्याच मोबाइलवर लिंक उघडली — सनई. सर्व्हरवर — सनई. कंपनीला विचारलं, तर फाइलला कुणी हातच लावलेला नाही. 'एआय असेल' म्हणणाऱ्यांनो, 'ढब्ब्या' हे मामाचं लहानपणचं नाव आई-मामा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, मलासुद्धा नाही! आणि आईला रेकॉर्डिंगचं बटण कुठे असतं तेही कळत नाही.

शेवटी तिलाच खोदून विचारलं.

"मनातल्या मनात तं रोजच बोलून राह्यली होती मी त्याच्याशी," ती म्हणाली. "रिसोडहून आली तवापासून."

"अगं पण ते फाइलमध्ये कसं गेलं?"

"ते तुयं काम हाय. तू पाय."

पाहतोच आहे. अजून काही सापडलेलं नाही.