मौनाचा नेम आणि पऱ्हाटीतली हाक

देवापुढे धरलेल्या नेमाचीच माणसाला भीती वाटावी, असं माझ्या बाबतीत झालं. मागच्या चातुर्मासात मी मौन धरलं होतं. दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा संकल्प मी आषाढी एकादशीला गावच्या विठ्ठलाच्या देवळात हात जोडून केला. आता हे ऐकून आमच्या भीमपूरकडचं कोणीही हसेल, कारण मी बोलणारी बाई. नळावर गेले तर घागर भरून वाहते, पण माझं बोलणं संपत नाही. शाळा नावापुरती, वाचायला शिकले ते पोथ्या वाचून वाचून, त्यामुळे लिहितेही बोलल्यासारखीच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. तर नेम धरला तेव्हा देवळातल्या बायका म्हणाल्या, माय, केवढं कठीण व्रत. एकदोघी पायाही पडल्या, आणि मी पडू दिलं. पण घरी येऊन जपमाळ हातात घेतली की मणी पुढं सरकायचा नाही. वाटायचं, या बायकांना ठाऊक नाही, पण समोर जो उभा आहे त्याला खरं कारण ठाऊक आहे.

खरं कारण होतं माझी धाकटी जाऊ, रुक्मा. आमच्या घरांची भिंत एक, शेताचा धुरा, म्हणजे बांधही, एक. उन्हाळ्यात तिच्या लेकीला, कांताला, पाहायला मुधोळकडचे पाहुणे आले होते. मुलगा चांगला होता, पोरीच्या मनातही भरला होता. मी पोह्यांच्या बश्या देत होते आणि सवयीप्रमाणे तोंड चालू होतं. बोलता बोलता बोलून गेले, की मागं एका लग्नात पोर चक्कर येऊन पडली होती, दातखीळ बसली, कांदा हुंगवला तेव्हा कुठं उठली. पोर उपाशी होती, ऊन डोक्यावर होतं, एवढंच ते. पण तेवढंच सांगायचं राहून गेलं. पोरीला फिट येते असं समजून पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. पुढं निरोप आला, आमी दुसरीकडं पाहून राह्यलो.

रुक्मा भांडली नाही. डोळे पुसत एवढंच म्हणाली, "अक्का, तुमाले जरा गप राहता येत नाही काय?" त्यावर मी काय म्हणावं? "मी खोटं बोलली काय?" असं म्हटलं, आणि पदर झटकून घरात आले. दोष माझा आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण थोरली जाऊ धाकटीपुढं कशी वाकणार? मग आषाढी आली आणि मला वाट सापडली. गप राहता येत नाही म्हणते ना, घे, चार महिने गप राहते. माफी मागायला नको, अबोला धरला असं कोणी म्हणायला नको, वर पुण्य. रुक्माची माझी गाठ पडायची ती दिवसाच, अंगणात नाहीतर वावरात. ती विचारायची, "अक्का, चहा घेता काय?" मी ओठांवर बोट ठेवून देवळाकडं हात करायची. ती बिचारी मान हलवून जायची.

कार्तिकात कापसाची वेचणी सुरू झाली आणि त्याच दिवसांत पैनगंगेकडून वाघ आला. आमच्याकडं हे आता नवं राहिलं नाही, तरी प्रत्येक वेळी गावाची झोप उडते. नाल्याच्या गाळात पंजे उमटलेले दिसले, कोणाची तरी कालवड गेली. जंगलखात्याचे लोक जीप घेऊन आले आणि, आमचा भाग तेलुगू मुलखातला म्हणून, तेलुगू-हिंदी मिसळून सांगू लागले, "अम्मा, अकेले मत जाना, झुककर मत बैठना, आवाज करते रहना, बातां करते रहना." बायका माझ्याकडं पाहून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आता आमच्या अक्कालेच वाघ नेते, ते तर मुकी होऊन बसली." मीही हसले. पण त्या दिवसापासून पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, शिरताना मी आधी चारी बाजूंना पाहून घ्यायची. आजूबाजूला सगळ्या जणी गात, ओरडत, एकमेकींना चिडवत वेचायच्या, आणि त्यांच्यामध्ये मी बिनआवाजाची. कोणाला मी कुठं आहे तेही कळायचं नाही.

त्या दिवशी दुपार उतरली तशा बायका लवकर निघाल्या. आमच्या वावराच्या टोकाला नाल्याजवळ कडुनिंबाखाली महादेवाची पिंड आहे. दिवसाची वेचणी संपली की तिथं तांब्याभर पाणी घालायचं, हा माझ्या सासूपासूनचा रिवाज. मला हाक मारता येईना, म्हणून कोणाला थांबा म्हणता आलं नाही. मनात म्हटलं, देवाच्या कामाला जाते, मला काय होणार आहे. पाणी घातलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा काहीतरी बदललं होतं. नाल्यापलीकडची वानरं खाकरल्यासारखी ओरडत होती आणि एकाएकी तीही थांबली. झाडावरचे होले पक्षीही बोलेनात. एक वास आला, ओल्या कातड्याचा, उग्र. मी वावराकडं पाहिलं. चार-दोन ओळी सोडून पऱ्हाटी हलत होती, आणि वारा नव्हता. मग ओळींच्या फटीतून मला तो दिसला. सगळा नाही. खांदा, त्यावरचे पट्टे, आणि माझ्याकडं वळलेलं तोंड.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हातातला तांब्या गळून पडला, आणि तो पडल्याचा आवाजही मला ऐकू आला नाही. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. जन्मभर घेतलेलं नाव, उठता बसता घेतलेलं, ते ओठावर येईना. विठ्ठल आठवेना, महादेव समोर असून आठवेना. चार महिने ज्या देवाच्या नावाखाली मी लपले होते त्या देवानं जणू अंगावरचं पांघरूण काढून घेतलं होतं. मला वाटलं, मी अशीच मरणार, तोंडात नाव नाही आणि मनात तो सल. आणि मग छातीतून जी हाक फुटली ती देवाची नव्हती. मी ओरडले, "रुक्मे! अवं रुक्मे!"

धुऱ्याकडून लगेच आवाज आला, "काय झालं अक्का? आहो मी इथंच." ती गेलीच नव्हती. मी म्हटलं, "वाघ आहे वं." तशी तिनं जेवणाचा डबा दगडावर बडवायला सुरुवात केली. "पाठ दाखवू नका. वाकू नका. माह्या आवाजाकडं मागं मागं या. अन् बोलत राहा."

"काय बोलू?"

"कायबी बोला. चार महिन्याचं साचलं असंन ना."

मी मागं पाऊल टाकलं, डोळे त्या पट्ट्यांवर ठेवून, आणि बोलू लागले. पहिल्यांदा नुसतं अरे, हट, असं काहीतरी. मग तोंडातून आपोआप निघालं, "रुक्मे, चूक माही होती."

"जोरात बोला, ऐकू येत नाही."

"चूक माही होती. पोरीचं लग्न म्या मोडलं. पोर उपाशी होती हे सांगाले पाह्यजे होतं."

"आणखीन जोरात."

"हे मौन देवासाठी नव्हतं. तुह्यापुढं वाकाले लाज वाटली म्हणून धरलं होतं. मले माफ कर."

मी रडत होते, ओरडत होते, पऱ्हाटीच्या काड्या पोटऱ्यांना ओरबाडत होत्या. तो हलला नाही. मग एकदा शेपटी दिसली, मग दिसेनाशी झाली, आणि ते आणखी वाईट होतं, कारण आता तो कुठं आहे तेच कळत नव्हतं. मी बोलणं थांबवलं नाही. माफ कर, माफ कर, एवढंच म्हणत राहिले. रुक्माला म्हणत होते की त्या पिंडीला, मला सांगता यायचं नाही. माझ्या पाठीला तिचा हात लागला तेव्हा मी खालीच बसणार होते. ती म्हणाली, "बसाचं नाही, चला," आणि डबा बडवत, मला दंडाला धरून, तिनं रस्त्यावर आणलं.

रस्त्यावर आल्यावर तिनं डबा खाली टाकला. दोघी एकमेकींना धरून उभ्या होतो. मी विचारलं, "तू काऊन थांबली होती वं?"

"तुमाले हाक मारता येत नाही म्हणून. रोजच थांबून राह्यली होती." मग नाक पुसून म्हणाली, "पण अक्का, वाघानं सगळं ऐकलं पाह्या. आता तो नदीपल्याड जाऊन सांगतो."

जंगलखात्याचे लोक आले, त्यांनी माग पाहिला, वाघ नदीकडं निघून गेला म्हणाले. आवाजानं गेला असेल. पोट भरलेलं असेल. मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे, की देवाचं नाव ओठावर आलं नाही तेव्हा माणसाचं आलं, आणि ज्या माणसाला मी दुखावलं होतं तेच माणूस हाकेच्या अंतरावर होतं. कोणी त्याला योगायोग म्हणावं. मी त्याला कृपा म्हणते.

कार्तिकीला देवळात बायका म्हणाल्या, अक्का, शेवटी शेवटी नेम मोडला, प्रायश्चित्त घ्या. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. पाया पडू दिलं तेही सांगितलं. वाघाला भ्याले तेवढीच त्या बायकांनाही भ्याले. पुढं रुक्माला घेऊन मुधोळला जाऊन आले. त्या लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, पण मुलाचं दुसरीकडं ठरलं होतं. बोललेलं परत घेता येत नाही, हे त्या ओसरीवर मान खाली घालून बसले तेव्हा नीट समजलं. आता बोलायच्या आधी मी मनात विचारते, देवा, हे बोलू काय? कधी तो हो म्हणतो, कधी नाही. मी बोलते अजूनही पुष्कळच.

रुक्मानं मला माफ केलं. कांतानं नाही. पोरगी माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिला बोल म्हणत नाही. तो तिचा हक्क आहे. रोज संध्याकाळी दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडते, भीती अजून आहे, की ती आयुष्यभर बिनलग्नाची राहील की काय. परवा नळावरून येताना पायरीवर माझा तोल गेला. कांता मागून आली, माझ्या डोक्यावरची भरली घागर काढून घेतली, माझ्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. मी कितीतरी वेळ त्या घागरीजवळ हात जोडून उभी होते.