हिरवं दार

परवा मुलाने दाराला ऑइल पेंट मारून घेतला आणि त्या वासाने मला थेट गोराईला नेलं. चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला.

लग्नाला वर्ष झालं होतं. जोगेश्वरीच्या चाळीत एका खोलीत आम्ही दोघं आणि सासू-सासरे. यांच्या मित्राने गोराईचं आजोबांच्या काळातलं कौलारू घर नुकतंच दुरुस्त केलं होतं. त्याने दोन दिवसांसाठी किल्ली दिली. घराभोवती नुसते माड.

जेवण झाल्यावर यांनी दार लावलं. मी दचकले. चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे.

"अहो, उघडा ना. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? माड?"

तरी मी उघडायला गेले, तर दाराचा हिरवा रंग अजून ओला. पदराला लागला. दोघंही हसत सुटलो आणि दार लावलेलंच राहिलं.

घरी परतल्यावर सासूबाईंनी पदर हातात घेतला. "हा रंग कसला गं?"

"दाराचा," मी बोलून गेले. "दुपारी लावलं होतं."

त्यांनी पदर सोडला. मी लाजेने अर्धमेली.

पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी सासऱ्यांना उठवलं, "चला, देवळात जाऊन येऊ." आणि जाताना, भरदुपारी, अख्ख्या चाळीच्या देखत, त्यांनी आमचं दार बाहेरून ओढून घेतलं.