पंक्तीतल्या रंभाबेन

रंभाबेनचं नाव ठेवणाऱ्या आत्याला पुढे काय होणार याची कल्पना नसावी. स्वर्गातली रंभा नाजूक असेल. भावनगरच्या रंभाबेन रिक्षात बसल्या की रिक्षावाला दुसरी सवारी शोधायचं सोडून देई. देह भरभक्कम आणि जेवण मात्र चिमणीचं. दोन फुलके, वाटीभर कढी, की हात धुतला. नवरा नटूभाई नेमके उलटे. हिऱ्यांना पैलू पाडता पाडता स्वतः काडी झालेला हा माणूस अकरा पुऱ्या रिचवून बारावीची वाट बघे. पण लोकांना डोळे असतात, अक्कल असतेच असं नाही. कुठेही जेवायला गेलं की वाढपी नटूभाईंच्या ताटावर ओणवा होई, "काका, अंगाला काही लागत नाही तुमच्या, घ्या की!" आणि रंभाबेनकडे असं बघे, जसं काही काकांच्या वाटणीचं यांनीच खाल्लंय.

काठियावाडात माणसाचा मान ताटात किती पडलं यावर ठरत नाही, ते वाढायला किती आर्जवं करावी लागली यावर ठरतो. वाढणाऱ्याने गळ्याची शपथ घालायची, जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरून "नको, नको" करायचं आणि तिसऱ्या शपथेला हात हळूच सरकवायचा. ज्ञातीच्या जेवणावळीत रंभाबेन पदर खोचून उभ्या राहिल्या की भले भले हरत. "एवढा लाडू घेतला नाहीस तर माझं मेलं तोंड बघशील!" म्हटल्यावर कोणाची बिशाद आहे? त्यांना स्वतःला मात्र पंचेचाळीस वर्षांत कोणी दुसऱ्यांदा "घ्या" म्हटलं नव्हतं. आणि हे दुःख सांगणार कोणाला? लोक म्हणाले असते, बाईला अजून हवंय.

एकुलत्या लेकीचं, तोरलचं, लग्न ठरत आलं होतं. महुव्याहून मुलाचे आईवडील घर बघायला आले. मुलाची आई जसूबेन मूठभर देहाची, जाड चष्म्याची. सकाळपासून बाई मनाचा थांग लागू देत नव्हती. होकार की नकार, काही कळेना. नटूभाईंना थाट करायची हुक्की आली आणि त्यांनी सगळ्यांना डायनिंग हॉलमध्ये नेलं. दाराशीच पाटी होती, "घरच्यासारखं पोटभर जेवा." अशी पाटी लावायची आणि मोठं पोट आत येताना दिसलं की घाबरायचं, अशी ही हॉलवाली जमात.

"बेन, तुम्ही तिकडे भिंतीजवळच्या बाकावर," मॅनेजर म्हणाला. "खुर्च्या नाजूक आहेत आमच्या."

"माझीही पाठ नाजूकच आहे, भाई. बाक बरा," रंभाबेन हसून म्हणाल्या. मग सगळी मंडळी त्या बाकाजवळच्या टेबलाशीच बसली.

हॉलच्या कलकलाटात वाढपी खुणांनी बोलतात. मॅनेजरने त्यांच्या टेबलाकडे बघून पोटावरून दोन बोटं फिरवली. ज्ञातीच्या पंक्तीत पक्वान्न कमी पडू लागलं की हीच खूण होते: इथे रेंगाळू नका. रंभाबेनना समजायला वेळ लागला नाही. ढोकळा आला, गेला. पुऱ्या आल्या, नटूभाईंपाशी थांबल्या, पुढे गेल्या. मोहनथाळाच्या वड्यांचं तबक तर रंभाबेनच्या ताटापाशी येताच पळत सुटे.

"मीच नको म्हणून मान हलवली," त्या न विचारताच पाहुण्यांना सांगत होत्या. पहिल्यांदा ताटात जे पडलं त्यात पोट तर भरलंच होतं. पण ज्या आईला पंक्तीत कोणी विचारत नाही, तिच्या लेकीला सासरी काय मान मिळणार? हे जसूबेनच्या ध्यानात येऊ नये, एवढंच त्या देवाकडे मागत होत्या.

तबक पुन्हा आलं. नटूभाईंच्या ताटात चौथी वडी पडली आणि वाढपी वळला. जसूबेननी हात लांब करून तबकाची कड पकडली.

"थांब रे. या बेनना वाढलंस?"

"त्यांना... पुरेसं आहे, मासी."

"ते कोण ठरवणार? तुझे डोळे?"

मॅनेजर धावत आला. "काय झालं, बेन?"

"काहीच झालं नाही, तेच तर! या भाईंना सहा वेळा विचारलंत, या बेनना एकदाही नाही. आणि ती पोटावरची बोटं पाहिली मी. माझ्या बापाने जन्मभर पंक्ती वाढल्यात, मला खुणा शिकवू नका. एक तर नीट वाढा, नाहीतर दारावरची ती पाटी काढा."

मॅनेजर "गैरसमज, गैरसमज" करत राहिला. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता जसूबेननी तबक हिसकावून घेतलं आणि पदर खोचून त्या रंभाबेनसमोर उभ्या राहिल्या.

"घ्या, विहीणबाई."

नटूभाईंची पुरी हातातच राहिली. तोरलने मान खाली घातली, पण तिचे कान लाल झाले होते.

"माझ्या गळ्याची शपथ आहे. एक तरी!"

आता हात आडवा धरायची वेळ होती. जसूबेन वाट बघत थांबल्या. रंभाबेननी आयुष्यात दुसऱ्यांचे शेकडो हात बाजूला सारले होते, पण आपला काही उठेना. डोळे भरून आले, समोरची वडी दिसेना.

"वाढा," त्या म्हणाल्या.

"अहो, आधी नको तर म्हणा!" जसूबेन हसायला लागल्या. "मी आणखी दोन शपथा तयार ठेवल्यात."

"आणि मी नको म्हटलं न् तुम्ही ऐकलंत तर?"

जसूबेनचं हसू थांबलं. त्यांनी तबक खाली ठेवलं, मोहनथाळाची वडी मोडली आणि आपल्या हाताने विहिणीच्या तोंडात घातली.