कॉफीपूड लावलेला हात

कॉफीपुडीचा डबा उघडला की मला अजून कानडी मुलखातल्या मल्लेश्वरमचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या हातावर उकळतं सार सांडलं. शेजारच्या अक्का धावत आल्या आणि "आमच्याकडे हेच लावतात" म्हणत त्यांनी त्यावर मूठभर कॉफीपूड थापली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ती पूड धुऊन काढली आणि हात बराच वेळ नळाच्या गार पाण्याखाली धरला. मग फोडाशेजारी कापूस हलकेच टेकवला. ती किंचाळली.

"दुखतंय ना? सरी, छान!" डॉक्टर हसले. "खोल भाजलं असतं तर तिथं तिला कळलंच नसतं. हे वरवरचं आहे. फक्त फोड फोडू नका."

रिक्षात ती घर येईपर्यंत भोकाड पसरून रडत होती. मी तिला एकदाही गप्प केलं नाही.